तांब्यावर बोलायचं नाही

काका, ‘आमच्याबरोबर कोबेला चला’ असं मी तुम्हाला विचारलंच नव्हतं. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर आमचं टोकियोचं ऑफिस तात्पुरतं कोबेला हललं, तेव्हा मृणाल मला म्हणाली होती, काकांना फोन कर, त्यांना एकट्याला इथे ठेवून जायचं नाही. मी फोन केला नाही. घरात येऊन तिला सांगितलं, "नाही म्हणाले." हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही, आणि आता तुम्ही नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. जन्म कुठला, शिपिंग कंपनीत किती वर्षं, कोबेहून टोकियोला कधी आलात, काकू कधी गेल्या, हे सगळं तुमचा ठाण्याचा पुतण्या देईल. मला विषय दिलाय ‘वर्तककाका आणि त्यांची नाणी’. नाण्यांबद्दल लिहायला बसलो की हे मधे येतं. दोन-तीनदा बाजूला ठेवून पाहिलं. थकलो. म्हणून सुरुवातीलाच मांडून टाकलं.

ओजिमाच्या त्या सरकारी वसाहतीतल्या तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो, तेव्हा तुम्ही जेवणाच्या टेबलावर एक पांढरा टॉवेल अंथरला होता. नोरीच्या शेवाळपापडांच्या रिकाम्या डब्यातून कागदाचं छोटं पाकीट काढलंत आणि त्यातून एक तपकिरी, जाडजूड नाणं कडेला धरून टॉवेलवर ठेवलंत. एका बाजूला मोकळ्या केसांची बाई, दुसऱ्या बाजूला पानांचं वर्तुळ.

"हे काय, ढब्बू पैसा?" मी वाकून विचारलं.

तुम्ही टॉवेल झटकन आपल्याकडे ओढलात. मी चपापलो. तुम्ही नाणं पाकिटात परत घातलंत आणि मगच बोललात.

"तांब्यावर बोलायचं नाही. बोलताना थुंकी उडते, आपल्याला दिसत नाही. आज काही नाही. सहा महिन्यांनी तिथे काळा ठिपका उमटतो. मग तो जन्मात जात नाही."

"सॉरी काका."

"सॉरी काय त्यात. ढब्बूच आहे तो, बरोबर ओळखलंस. अमेरिकेचा. त्यांचा सेंट सुरुवातीला एवढा मोठा होता, निव्वळ तांब्याचा. आपल्याकडे पेशवाई चालू होती तेव्हाचा."

मग तुम्ही दोन मास्क काढलेत. जपानमध्ये मास्क कुणाच्याही घरी असतो, पण नाणी बघायला मास्क लावणारं घर मी तेवढं एकच पाहिलं. कोबेत असताना देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात बटणं आणि किल्ल्यांच्या डब्यात तुम्हाला पहिला सेंट मिळाला होता. कुठल्या तरी खलाशाच्या खिशातून तो तिथवर आला असणार, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हापासून तुम्ही त्यांच्याच मागे लागलात. बाकी कुठलं नाणं तुम्ही हातात घेतलेलं मला आठवत नाही.

मला हे आवडलं ते नाण्यांमुळे की त्या नियमामुळे, आता सांगता येत नाही. मी मुळात कमी बोलणारा. दिवसभर ऑफिसात ‘नितीन-सान’ म्हणून इंग्रजीत बोलायचं, कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात मान हलवायची, आणि ग्योतोकुच्या घरी पोचेपर्यंत शब्द संपलेले असायचे. मृणाल त्यावरून चिडायची. तुमच्याकडे मात्र गप्प बसणं हीच रीत होती. रविवारी तोझाई लाइन, मग बस, मग तुमच्या घरी दोन माणसं मास्क लावून दिव्याखाली वाकलेली. बोलायचं ते नाणं पाकिटात गेल्यावर, चहा घेताना.

त्या काळी नाण्याचा प्रत्येक साचा माणूस हाताने कोरायचा, म्हणून एकासारखा दुसरा नसायचा. एकाच सालच्या सेंटांचे कितीतरी प्रकार. इथे पान अक्षराला टेकतं, तिथे टेकत नाही; या फांदीला एक फळ जास्त; खालचा आकडा जरा कलंडलेला. तुम्ही मला सतराशे चौऱ्याण्णव सालचे सेंट ओळखायला शिकवलेत. साचा वापरून वापरून तडकायचा, तरी टाकून द्यायचे नाहीत, आणि मग ती चीर प्रत्येक नाण्यावर बारीक उठावाची रेघ होऊन उमटायची. आधीच्या नाण्यावर चीर केसाएवढी, नंतरच्यावर गालापर्यंत गेलेली. एकाच साच्याचे दोन सेंट शेजारी ठेवून कुठला आधीचा, कुठला नंतरचा, हे तुम्ही मला ओळखायला लावायचात. मी चुकलो की मास्कच्या वर तुमचे डोळे हसायचे.

तुमची दुसरी करमणूक म्हणजे सिलिका जेल. सेनबेई, नोरी, बिस्किटं, कशाच्याही पुड्यात ती छोटी पाकिटं निघाली की आम्ही तुमच्यासाठी जपून ठेवायचो. इथल्या जूनच्या दमट हवेने तांब्यावर हिरवं चढतं. आमची सई तेव्हा लहान होती. दारातच ती मूठ उघडून "ओजी-चान, हाय दोझो", म्हणजे ‘आजोबा, हे घ्या’ म्हणायची, आणि तुम्ही दोन्ही हात पुढे करून, कंबरेत वाकून, व्हिजिटिंग कार्ड घ्यावं तसं ते पाकीट घ्यायचात. मृणाल तुमच्यासाठी डबा द्यायची. गणपती, दिवाळी, संक्रांत, तुमच्याशिवाय आमच्याकडे काही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे ते तसं राहिलं नाही.

भूकंपाच्या आधीच्या महिन्यात मी माझा पहिला चौऱ्याण्णवचा सेंट घेतला. अमेरिकेहून आला. चॉकलेटसारखा रंग, बाईच्या केसांची बट अन् बट दिसत होती. त्या रविवारी तुमच्याकडे मंडळाचे आणखी दोघं आले होते. मी पाकीट तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही नाणं भिंगाखाली फिरवलंत, पुन्हा फिरवलंत, पाकिटात घातलंत आणि मास्क खाली केलात.

"रंग दिलेला आहे."

"म्हणजे?"

"कुणीतरी घासून लख्ख केलं, मग चूक कळली. मग गंधक लावून, तापवून पुन्हा तपकिरी केलं."

"नाही काका. मूळचाच रंग आहे हा."

"तुला हवाय म्हणून मूळचा होत नाही तो, नितीन. मृणालच्या ताम्हनासारखा चिंचेने घासला असणार कुणीतरी."

ते दोघं हसले. तुम्हीही हसलात. मी नाही. तुमच्या ते लक्षात आलं असावं, कारण दारापर्यंत येऊन तुम्ही म्हणालात, "रागावू नकोस. ठेव पाकिटात. दहा वर्षं जाऊ देत. खोटा रंग असला तर उतरेल, खरा असला तर राहील. तांबं सांगेल, आपण कशाला भांडायचं?"

मी त्यानंतरच्या रविवारी आलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काम आहे म्हणालो.

मग तो भूकंपाचा शुक्रवार. त्याबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय. तुमचा फोन आला तो दोन दिवसांनी, लाइन लागली तेव्हा. "सगळे बरे ना? सई घाबरली नाही ना? माझं कपाट आडवं झालं बघ. डबे उघडले, पाकिटं फाटली, ढब्बू घरभर. सवड झाली की ये. एकाने दिवा धरायचा, एकाने शोधायचं."

"येतो," मी म्हणालो.

ऑफिसचा निरोप त्यानंतर आला. बायकापोरांसकट कोबेला या, फ्लॅट घेतलाय, आणखी कुणी जवळचं असेल तर तेही चालेल. मृणाल बॅगा भरत होती. मी फुटलेल्या कपबश्या ‘मोएनाइ गोमी’च्या पिशवीत बांधत होतो; घर सोडून पळतानाही आम्ही न जळणारा कचरा वेगळा करत होतो. तेव्हा ती म्हणाली, काकांना फोन कर. मी पिशवी आणि फोन घेऊन खाली गेलो. कचऱ्याच्या जाळीपाशी उभा राहिलो. फोनवर तुमचं नाव काढलं. बोटाने दाबायचं तेवढं राहिलं होतं.

मी काय विचार केला ते लिहितो. तुम्ही आलात तर ढब्बू सोडून येणार नाही. ते गोळा करण्यात दिवस जाईल, आणि मला त्याच दिवशी निघायचं होतं. कोबेच्या दोन खोल्यांत तुम्ही रोज समोर असाल. आणि या सगळ्याच्या खाली, लाज वाटते, पण होतं: हा माणूस मला चार लोकांत म्हणाला होता की रंग दिलेला आहे.

‘फोन लागत नाही’ असं सांगता आलं असतं. त्या दिवसांत ते कुणालाही पटलं असतं. पण मृणाल म्हणाली असती, मग जाऊन घेऊन ये. म्हणून मी वर आलो आणि म्हणालो, "नाही म्हणाले."

"नाही काय? काय म्हणाले नक्की?"

"म्हणाले, नाणी सोडून येणार नाही."

म्हणजे नकार तर मी तयार केलाच, त्यात तुमच्या तोंडी वाक्यही घातलं. आणि ते तुम्हाला इतकं शोभलं की तिने पुढे विचारलं नाही. ती तशीच बॅगेवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "माणसांपेक्षा नाणी मोठी का रे त्यांना?"

आम्ही कोबेला होतो तेव्हा तुम्ही काय करत होतात, ते मला परतल्यावर कळलं. प्रत्येक धक्क्याला तुमची लिफ्ट आपोआप बंद पडायची. तुम्ही जिन्याने खाली जायचात, कोम्बिनीत पाव नसायचा, जिन्याने वर यायचात, आणि चटईवर बसून एकेक सेंट पान-फळ बघून ओळखायचात, नव्या पाकिटात घालायचात. दिवा स्वतःच धरायचात. एक सापडला नाही. तोच, कोबेच्या जुन्या बाजारातला पहिला.

"दुसरा माणूस असता तर सापडला असता," तुम्ही म्हणालात. टोमणा नव्हता. दिव्याबद्दलच बोलत होतात. भिंतीवर छतापासून दरवाजापर्यंत नवी चीर गेली होती. ती दाखवून म्हणालात, "हा नंतरच्या अवस्थेतला साचा. अजून बरीच नाणी निघतील यातून."

मी म्हणालो, ऑफिसने एकदम हलवलं काका, सांगायला वेळच मिळाला नाही.

"बरं केलंस. पोर लहान आहे." मग चहा ओतताना तुम्ही कोबेच्या भूकंपाची गोष्ट सांगितलीत, तिथल्या एकोणीसशे पंचाण्णव सालच्या. काकू आणि तुम्ही अंथरुणात होतात. अंधारात कुणीतरी दार वाजवलं. खालच्या मजल्यावरची बाई, जिच्याशी तुमचं नमस्कारापलीकडे कधी बोलणं नव्हतं. तिने विचारलं, आमच्याकडे येता का? "आम्ही गेलो नाही रे. पण ती विचारायला आली ना. रिटायर झाल्यावर भारतात परत जायचं चाललं होतं आमचं. त्या बाईमुळे राहिलो, असं ही म्हणायची."

मी कप खाली ठेवला. तेव्हा सांगायला हवं होतं. टेबलावर नाणं नव्हतं, मास्क नव्हता, मला कसलीच आडकाठी नव्हती.

त्यानंतर मृणाल बदलली. भांडली वगैरे नाही. संक्रांतीला म्हणाली, "काकांना बोलवायचं? बघ तू. नाहीच म्हणतील." डबा कधीतरी जायचा, मग जाईना. ज्या माणसाने आपल्याला परकं मानलं, त्याच्या किती मागे लागायचं, असं तिला वाटत होतं, आणि तिचं काय चुकलं? तुम्ही मला एकदाच विचारलंत, "मृणाल बरी आहे ना? माझं काही बोलणं लागलं का तिला?" मी म्हणालो, नाही हो, तिला नोकरी लागलीय, वेळ नसतो. तुम्ही मान हलवलीत. दिवाळीला तुम्ही ओजिमाच्या दुकानातून फराळाचं पाकीट आणलेलं मी तुमच्या ओट्यावर पाहिलं. चकल्या अर्ध्या खाऊन पाकिटाला रबर लावलेलं. आतलं सिलिका जेल मात्र काढून घेतलेलं.

मग काही वर्षांनी सई शिकायला बाहेरगावी निघाली. तिने हट्ट धरला, ओजी-चान जेवायला हवेतच. तुम्ही आलात, इस्त्रीचा शर्ट घालून. जेवण छान चाललं होतं. मृणालही मोकळी झाली होती, आणि त्या मोकळेपणातच ती बोलून गेली.

"काका, एक सांगू? मला फार लागलं होतं तेव्हा. भूकंपानंतर तुम्हाला कोबेला चला म्हटलं, आणि तुम्ही सरळ म्हणालात, नाणी सोडून येणार नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. भाताचा घास हातात होता, तो तुम्ही खाल्लात.

"हो गं," तुम्ही म्हणालात. "हट्टी म्हातारा मी. ढब्बू सोडून कुठे जाणार? पण चुकलंच माझं. यायला हवं होतं."

"जाऊ दे हो, आता काय."

"नाही, तुझं मन मोडलं. माफ कर."

मग तुम्ही हात धुऊन आलात, खिशातून मास्क काढून लावलात, आणि सईला दाखवायला आणलेलं पाकीट उघडून एक सेंट स्वच्छ रुमालावर ठेवलात. सईने ओठांवर बोट ठेवून आईला खूण केली. टेबलावर सगळे गप्प झाले. काका, इतक्या वर्षांत त्या नियमाचा असा उपयोग तुम्ही पहिल्यांदाच केलात. माझ्यासाठी.

तुम्हाला सोडायला मी स्टेशनपर्यंत आलो. सिग्नलला उभे होतो. मी म्हणालो, "काका, तेव्हा मी..." तुम्ही म्हणालात, "हिरवा झाला, चल." मी चाललो. दुसरं कुणी असतं तर पलीकडे जाऊन वाक्य पुरं केलं असतं.

मृणालने त्यानंतर पुन्हा डबे सुरू केले. तुम्ही माफी मागितली होती ना.

तुमच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात आम्हाला आळीपाळीने आत सोडायचे. शेवटच्या वेळी मी आलो तेव्हा तुमचा आवाज अगदी आत गेला होता. तरी विचारलंत, "तुझा चौऱ्याण्णवचा? उतरला का रंग?"

मी आदल्या आठवड्यातच बघितला होता. तसाच होता. चॉकलेटसारखा, कुठे फिकट नाही, कुठे गुलाबी नाही. मी बरोबर होतो.

"उतरला काका," मी म्हणालो. "तुमचंच खरं."

तुम्ही डोळे मिटून हसलात. "तोंडाने खोटं बोलायला तुला जमत नाही रे. गेल्या वर्षी तूच दाखवलास की मला, विसरलास? मूळचा रंग आहे तो. चुकलं माझं तेव्हा." जरा दम घेतलात. मग स्वतःच्या मास्कला बोट लावलंत, माझ्या मास्ककडे बोट केलंत. "आता बोल. दोघांनाही मास्क आहे. काही डाग पडत नाही."

मी विचारलं, "पाणी देऊ का?"

तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत. मग म्हणालात, "दे."

दहनानंतर इथल्या रीतीने दोघांनी मिळून चॉपस्टिकने अस्थी उचलायच्या असतात. पुतण्याला ते जमेना, तो बाहेर गेला. म्हणून मृणाल आणि मी उचलल्या. एक तुकडा दोघांनी दोन बाजूंनी धरायचा, न पाडता कलशात ठेवायचा. तिचा हात स्थिर होता. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "एवढा हट्टी माणूस, पण माझी माफी मागितली रे त्यांनी." मी माझी बाजू घट्ट धरून ठेवली. तिथेही गप्प बसण्याची रीत आहे, आणि ती मी पाळली.

तुमचं घर रिकामं करताना मजुरांनी चटया उचलल्या. मी जमिनीवर झोपून, दिवा धरून, सगळे कोपरे बघितले. कोबेचा ढब्बू नाही सापडला. बाकीचे पुतण्या कुणा जाणत्या संग्राहकाकडे सोपवणार आहे. त्याला मी सांगितलंय, पाकिटं उघडताना बोलू नका. माझा चौऱ्याण्णवचा माझ्या खणात आहे. त्याच्याकडे बघवत नाही. त्याच्या रंगाबद्दल मी बरोबर होतो, आणि तेवढ्यासाठी तुम्हाला एक फोन केला नाही.

तुम्ही मला गप्प कसं बसावं ते शिकवलंत, आणि शेवटी बोलायलाही सांगितलंत. पहिलं मी फार चांगलं शिकलो. तुमच्याबद्दल कृतज्ञ आहे असं लिहायचं म्हटलं तरी हात अडतो, कारण तुम्ही मला जे दिलंत त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे ती माफी. ती माझी होती, आणि तुम्ही ती माझ्या बायकोजवळ मागितलीत.

हा लेख मंडळाकडे पाठवण्याआधी मृणालला वाचून दाखवायचा आहे. ती आत्ता शेजारच्या खोलीत आहे. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात, हे तिला माझ्या तोंडून कळायला हवं. तेवढं तुमचं देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.